तुलनेचा काठ

एका जंगलात एक ओढा होता आणि त्या ओढ्याला दोन काठ होते. हसू नका, मुलांनो. सगळ्याच ओढ्यांना दोन काठ असतात हे मलाही ठाऊक आहे. पण या जंगलातल्या प्राण्यांनी ते कधी मोजले नव्हते. उन्हाळ्यात पाणी आटले की ते इकडून तिकडे जात. पावसाळ्यात पाणी चढले की ज्या काठावर असतील तिथेच राहत. आणि दोन्हीकडे सारखेच आजारी पडत.

मग एका हिवाळ्यात डॉक्टर करकोचे आले.

डॉक्टर करकोचे म्हणजे एक उंच, पांढरा, लाल चोचीचा करकोचा. उत्तरेला, बर्फाच्या डोंगरांपलीकडे, एका सरोवराच्या काठी त्यांचे विद्यापीठ होते. थंडीत सरोवर गोठले की तिथले सगळे प्राध्यापक दक्षिणेतल्या जंगलांचा अभ्यास करायला निघत. उन्हाळ्यात दक्षिणेत अभ्यास करण्यासारखे काही नसते, असे त्यांच्या लक्षात आले होते. डॉक्टरांचा विषय होता, विकसनशील जंगलांतील आरोग्य, शिक्षण आणि ग्रंथालये.

"विकसनशील म्हंजी काय ओ सायेब?" पश्चिम काठाचे सरपंच गवाजी यांनी विचारले. गवाजी हा गवा होता, हे निराळे सांगायला नको.

"ज्या जंगलाची पाहणी करावी लागते ते विकसनशील," डॉक्टर म्हणाले.

"आन् विकसित?"

"जे पाहणी करते ते."

गवाजींनी मान डोलावली. वाघाच्या बाबतीत कोण खातो आणि कोण खाल्ला जातो हा हिशेब त्यांना लहानपणापासून पाठ होता, त्यामुळे हेही चटकन समजले.

डॉक्टरांना एक प्रश्न पडला होता. ग्रंथालय काढले तर पिल्ले कमी आजारी पडतात का? तुम्ही म्हणाल, त्यात काय, काढून बघा. हा अडाणी विचार झाला. काढून बघितले आणि पिल्ले सुधारली, तर ती ग्रंथालयाने सुधारली की त्या वर्षीच्या हवेने, हे कसे कळणार? म्हणून एका काठाला ग्रंथालय द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही, आणि वर्षभराने दोन्हीकडची पिल्ले वजन करून बघायची. ज्याला काही द्यायचे नाही, तो तुलनेचा काठ.

पळसाचे पान वर उडवले. ते सुलटे पडले. पूर्वेला ग्रंथालय मिळाले आणि पश्चिमेला तुलना मिळाली.

आता खरे तर पश्चिमेने रुसायला हवे होते. पण ही आपली माणसं, म्हणजे आपले प्राणी. बाहेरच्या विद्यापीठाने आपल्याला कशासाठी तरी निवडले, एवढेच त्यांना कळले. गवाजींनी लगेच सत्कार ठेवला. "आपल्या काठाची तुलनेसाठी निवड केल्याबद्दल" डॉक्टरांच्या मानेवर शाल म्हणून केळीचे पान घातले आणि पुढ्यात नारळ ठेवला. गवाजी पाऊण तास बोलले. "आमच्या वाडवडलांना जे मिळालं न्हाई, ते आमास्नी मिळतंय," असे ते तीनदा म्हणाले. त्यांना काहीच मिळत नव्हते, पण टाळ्या पडल्या.

पूर्वेकडच्या गुहेत ग्रंथालय सुरू झाले. टिटवी नावाच्या पाहणीदार बाईंनी तिकडच्या मंडळींना महिनाभरात अक्षरे शिकवली. ग्रंथपाल म्हणून एका खवल्या मांजराला नेमले. नावात मांजर असले तरी मांजराशी त्याचे काही नाते नसते. अंगभर खवले असलेला, मुंग्या आणि वाळवी खाऊन राहणारा हा गरीब प्राणी. पुस्तके सांभाळायला वाळवी खाणाऱ्याची नेमणूक, ही विद्यापीठाने केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती.

त्याला सगळे खवलेकाका म्हणत. खवलेकाकांना भीती वाटली की ते अंगाचे वेटोळे करून चेंडू होत. भीती त्यांना दिवसातून सात-आठ वेळा वाटे.

गुहेच्या तोंडाशी पाटी होती. नियम एक, ग्रंथालयात शांतता राखावी. नियम दोन, कार्ड असल्याशिवाय पुस्तक मिळणार नाही. नियम तीन, पुस्तक ओढ्यापलीकडे जाणार नाही. तिसऱ्या नियमाखाली जाड रेघ होती. पुस्तक पलीकडे गेले तर दोन्ही काठ सारखे झाले असते, आणि मग फरक कशात मोजणार?

पूर्वेकडे कार्डांची मोठी ऐट झाली. सांबरेसाहेब नावाचे भरदार सांबर रोज येऊन सर्वांत जाड पुस्तक नेत. ते शिंगांच्या बेचक्यात नीट बसे आणि लांबून दिसे. बाकीच्यांनीही मग जाड पुस्तकेच न्यायला सुरुवात केली. 'पोट बिघडल्यास' नावाची बारा पानांची एक पुस्तिका होती, ती मात्र कोणी नेईना. एवढेसे पुस्तक हातात घेऊन जाताना कोणी पाहिले तर काय म्हणेल!

पश्चिमेला दर अमावास्येला टिटवी येई आणि त्र्याऐंशी प्रश्न विचारून जाई.

फाल्गुनात डॉक्टर उत्तरेला गेले. श्रावणात ओढा दुथडी भरला, आणि दरवर्षीप्रमाणे हगवणीची साथ आली.

पश्चिम काठावर धुरपदा नावाची रानडुकरीण राहत होती. तिची सहा पिल्ले. आदल्या वर्षीच्या साथीत तिची दोन गेली होती. या वर्षी सगळ्यांत धाकट्याला, बोंडूला लागण झाली. दोन दिवसांत त्याचे डोळे खोल गेले. शेपटीवर माशी बसली तरी ती हलेना.

ग्रंथालयात पोटाच्या आजाराचे पुस्तक आहे हे धुरपदाला ठाऊक होते. कसे? टिटवीनेच तिला विचारले होते, "पोटाच्या आजारावरील पुस्तिका आपण वाचली आहे का?" प्रश्न एकोणिसावा. उत्तर कुठे ठेवले आहे, ते विचारणारीनेच सांगून टाकले होते.

दुपारी धुरपदा बोंडूला तोंडात धरून ओढ्यावर आली आणि तिने हाक मारली.

"आवं खवलेभाऊजी! ते पोटाचं पुस्तक हाय न्हवं तुमच्याकडं?"

"आहे," खवलेकाका गुहेच्या तोंडाशी येऊन ओरडले. "पण ते पलीकडे देता येत नाही. नियम तीन."

"आन् मीच तिकडं आले तर?"

"या पाण्यातून? आणि आलात तरी कार्ड नाही तुमच्याकडे. नियम दोन."

"पोर माजं मराय टेकलंय, भाऊजी."

यावर नियम नव्हता. खवलेकाकांनी पाटी दोनदा वाचून पाहिली. मग ते चेंडू झाले.

दुसरी कोणी असती तर रडत परत गेली असती. धुरपदा चिखलात बसली. बोंडूला पोटाशी घेतले आणि म्हणाली, "मला पुस्तक नगं. मला कुटं वाचाया येतंय? त्यात काय लिवलंय तेवढं मोठ्यानं वाचा. पुस्तक ऱ्हाऊ द्या तिकडंच."

चेंडू जरासा उलगडला. मग त्यातून ओरडणे ऐकू आले, "ग्रंथालयात मोठ्याने वाचता येत नाही. नियम एक."

"मग भाईर येऊन वाचा की!"

मुलांनो, नियम करणारे हुशार असतात, पण त्यांच्या घरात पोर आजारी नसते. ज्याच्या घरात असते त्याला नियमातली भोके दिसतात. खवलेकाकांनी पाटी तिसऱ्यांदा वाचली. पुस्तक पलीकडे जाऊ नये असे होते. आवाजाबद्दल काहीच नव्हते.

तर पुस्तिका पोटात धरून, पुन्हा वेटोळे करून तो चेंडू हळूहळू गुहेतून घरंगळत काठावर आला. आणि वेटोळ्यातूनच वाचू लागला.

"काय बी ऐकू येत न्हाई!" पलीकडून धुरपदा ओरडली. ओढा गर्जत होता.

चेंडू होऊन ओरडता येत नाही. तुम्ही करून बघा, हनुवटी छातीला लागली की आवाज निघत नाही. खवलेकाकांनी आधी नाक बाहेर काढले. मग डोळे. मग ते मागच्या पायांवर ताठ उभे राहिले. पोटाला खवले नसतात त्यांच्या, ते सगळे उघडे पडले. कोणी तरी आपल्यावर ओरडत असताना ते असे उभे कधीच राहिले नव्हते. पण आवाज चांगला मोठा निघाला.

"स्वच्छ पाणी एक पेला! मीठ एक चिमूट! मध दोन चमचे! घोट घोट, पुन्हा पुन्हा पाजावे! आईचे दूध बंद करू नये!"

"चिमूट म्हंजी किती? मला बोटं न्हाईत!"

खवलेकाकांनी पान उलटून पाहिले. डुकरांचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यांनी थोडा विचार केला.

"खुराच्या शेंड्याला चिकटेल तेवढं!"

"आन् पेला?"

"अर्धी करवंटी! पण काठोकाठ नको!"

ही दोन वाक्ये पुस्तकात नव्हती. खरे उपयोगाचे तेवढेच होते.

जनावरे चाटतात त्या खारट मातीच्या जागेवरून मीठ आले. अस्वलिणीने कुरकुर करत मध दिला. धुरपदा दिवसभर बोंडूला घोट घोट पाजत राहिली. तिसऱ्या दिवशी तो उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला आणि अस्वलिणीच्या कानाला चावला. मला इथवर सांगताना फार बरे वाटते. पुढे एवढे बरे वाटण्यासारखे नाही, म्हणून इथे जरा थांबलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी काठावर धुरपदाबरोबर तीन आया होत्या. आठवड्याने सगळा काठ होता. खवलेकाका रोज तिसऱ्या प्रहरी पलीकडे उभे राहून वाचत आणि अलीकडे सगळे ऐकत. पश्चिमेला पोथी ऐकायची सवय होती, त्यामुळे त्यांनी 'पोट बिघडल्यास'ची पोथीच केली. दगडावर फूल ठेवायचे. पहिल्या पानापासून सुरू करायचे. मध्ये उठायचे नाही. कळले नाही तर जागच्या जागी विचारायचे. पुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरात होते, "सर्व हक्क विद्यापीठाच्या स्वाधीन. लेखी परवानगीशिवाय या पुस्तिकेतील कोणताही भाग अन्य प्रकारे प्रसृत करू नये." ही त्यांना फलश्रुती वाटली. ती आली की सगळे पुढचे पाय जोडत आणि गवाजी नाकातून शंख फुंकत.

महिन्याभरात पोथी सगळ्यांना तोंडपाठ झाली. त्या पावसाळ्यात पश्चिमेचे एकही पिल्लू गेले नाही.

आणि पूर्वेला? पूर्वेने गोंगाटाची तक्रार केली. "आमच्याकडे कार्ड आहे," सांबरेसाहेब म्हणाले. "ज्यांना वाचता येत नाही ते ऐकतात." त्यांच्या कळपातली दोन पाडसे त्याच महिन्यात हगवणीने गेली. पुस्तिका गुहेपासून वीस पावलांवर वाचली जात होती. त्या पाडसांची आई, सांबरीण, एकदा कान टवकारून काठाकडे निघालीही होती. सांबरेसाहेबांनी तिला परत बोलावले.

हिवाळ्यात डॉक्टर आले. फांदीला वेल आणि वेलीला सपाट धोंडा बांधून तराजू केला आणि दोन्ही काठांची पिल्ले तोलली. बोंडू तराजूवर चढला तेव्हा फांदी मोडली.

टिटवीने धुरपदाला प्रश्न विचारले.

"वर्षभरात किती पुस्तके वाचली?"

"वाचलं न्हाई बाई, पर ऐकलं..."

"किती वाचली तेवढं सांगा. ऐकण्याचा रकाना नाही."

"मग न्हाई वाचलं."

"शून्य," टिटवीने लिहिले. ते खरेच होते.

आकडे पाहून डॉक्टर दिवसभर एका पायावर उभे राहिले. ज्या काठाला ग्रंथालय दिले, तिथे पिल्ले रोड आणि दोन मृत्यू. ज्या काठाला दिले नाही, तिथे पिल्ले गुटगुटीत. संध्याकाळी त्यांनी दुसरा पाय खाली टेकला. ते खूश दिसत होते. ग्रंथालयाने फायदा होतो असे सिद्ध केले असते तर ते कोणी वाचले असते? ते तर सगळ्यांनाच वाटते. हे मात्र नवे होते.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. ओढ्याला आता घोट्याभर पाणी होते, त्यामुळे दोन्ही काठ एकत्र बसले.

"पाहणीतून असे सिद्ध झाले आहे," डॉक्टर म्हणाले, "की ग्रंथालय पिल्लांच्या प्रकृतीस अपायकारक आहे. सबब पूर्वेचे ग्रंथालय बंद करण्यात येत आहे. ग्रंथालय नसण्याचा लाभ यापुढे दोन्ही काठांना समान मिळेल."

टाळ्या पडल्या. गवाजींनी सवयीने नारळ पुढे केला.

तेवढ्यात मागे खवलेकाका उभे राहिले. मागच्या पायांवर, ताठ.

"साहेब, ग्रंथालयाचा दोष नाही. मी पलीकडच्यांना वाचून दाखवलं. रोज. पावसाळाभर. त्यांची पोरं त्याने जगली."

डॉक्टरांनी डोळे मिटले.

"खवले, तुम्ही म्हणता ते खरे असेल, तर हे संशोधन राहत नाही. ही नुसती घडलेली गोष्ट होते."

"पण घडली ना, साहेब?"

"घडलेल्या गोष्टींवर विद्यापीठ चालत नाही."

खवलेकाकांना कामावरून काढले. गुहेच्या तोंडाशी मोठा धोंडा लोटला. लोटायला गवाजीच होते, कारण एवढा धोंडा दुसऱ्या कोणाला हलला नसता. पुढच्या पावसाळ्यात कोणाचे पोर आजारी पडले तर त्याने काय करायचे, हे कोणी विचारले नाही.

धुरपदाने विचारले. म्हणजे विचारले नाही, ती चिडली.

"धोंडा लोटा न्हाई तर डोंगर लोटा!" ती म्हणाली. "आमास्नी समदं येतंय. म्हना गं बायांनो!"

आणि अख्ख्या पश्चिम काठाने पोथी म्हणायला सुरुवात केली. पाणी, मीठ, मध, घोट घोट, आईचे दूध. खुराचा शेंडा आणि करवंटीही आली. फलश्रुतीला सगळ्यांनी पाय जोडले आणि गवाजींनी शंख फुंकला.

डॉक्टरांची मान हळूहळू लांब झाली. त्यांनी वही काढली.

"हे... हे किती जुने आहे?"

गवाजी सरपंच होते. सरपंचाला 'चार महिन्यांचं' असे म्हणवत नाही.

"लई जुनं, सायेब. पार वाडवडलांपासनं."

"अद्भुत! पश्चिम काठाचे पारंपरिक मौखिक आरोग्यज्ञान! म्हणूनच तुमची पिल्ले निरोगी आहेत! आणि तो शेवटचा भाग तर फारच प्राचीन दिसतो."

टिटवीने चोच उघडली. मग तिला आठवले की तिची नेमणूक प्रकल्पापुरती आहे आणि नवा प्रकल्प आत्ताच सुरू होतो आहे. तिने चोच मिटली.

तर नवा प्रकल्प असा ठरला. पश्चिमेचे हे प्राचीन ज्ञान उतरवून घ्यायचे, त्याचे जाड पुस्तक करायचे आणि ते सरोवराकाठच्या ग्रंथालयात ठेवायचे. हक्क अर्थातच विद्यापीठाच्या स्वाधीन. आणि या ज्ञानाचा परिणाम मोजण्यासाठी पूर्व हा तुलनेचा काठ.

"एकच पथ्य," डॉक्टर धुरपदाला म्हणाले. "आज एकदा ऐकून ते कोणाला पाठ झालेले नाही, पण यापुढे वर्षभर हे ज्ञान पूर्वेला सांगायचे नाही. त्यांना कळले तर फरक कसा मोजणार?"

पूर्व काठाकडे सांबरीण उभी होती. तिच्या उरलेल्या एकुलत्या पाडसाला आदल्या दिवसापासून जुलाब होत होते. ते तिच्या पायाशी पडून होते आणि तिने अजून ते कोणाला सांगितले नव्हते. धुरपदाने तिच्याकडे पाहिले. मग पाडसाकडे.

"बरं सायेब," धुरपदा म्हणाली. "सांगनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती ओढ्यावर आली. खवलेकाकांना तिने शेजारी बसवून घेतले. तोंड आपल्याच जंगलाकडे केले, म्हणजे पूर्वेला कोणी काही सांगते आहे असे होऊ नये. आणि नेहमीपेक्षा दुप्पट मोठ्याने, एकेक ओळ तीन-तीनदा म्हणू लागली.

पलीकडे सांबरीण पाणी प्यायला आली होती. ती फार वेळ पाणी पीत राहिली.

तात्पर्य : दुसऱ्याचे पोर आजारी असेल तर त्याला उपाय सांगू नये. सांगितलाच तर पोर बरे होऊ देऊ नये. झालेच तर निदान विद्वानांसमोर त्याला तराजूवर उड्या मारू देऊ नयेत, त्यांना वाईट वाटते.